पाण्यात ठेवलेली फळी

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाकडं, हे आधीच सांगून टाकते. चौथीनंतर हातातली पेन्सिल गेली आणि लाटणं आलं. ऱ्हस्व-दीर्घ मी मिठासारखं अंदाजाने घालते. कमी-जास्त झालं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. लोकांनी माझ्या भाज्या सांभाळून घेतल्या आहेत, त्यामानाने हे सोपं आहे.

मी ज्यांच्याकडे पोळ्या करते त्यांतल्या एका घरची सून कॉलनीच्या दिवाळी अंकाचं बघते. ती म्हणाली, "मावशी, तुमच्या कामाचे अनुभव लिहा ना." मी मान हलवली. माझ्या मान हलवण्याचा अर्थ हो की नाही, हे आजवर कुणाला कळलेलं नाही आणि त्यात माझी सोय आहे. वही तेवढी घेतली. अंकाला द्यायचं की नाही ते लिहून झाल्यावर बघू.

बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करते. आधी साताऱ्यात करत होते. मग आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, सांगलीकडच्या साखर कारखान्यात काम लागलं, म्हणून सांगलीत आले. मला तोंडावर बोलता येत नाही. चार माणसांत माझा आवाज घशातच राहतो. मनात मात्र मी फार बोलते. आज लिहिते आहे ते सगळं मनातलं बोलणं आहे, म्हणून जरा तिखट लागेल.

ओट्याखाली ओढायचे कप्पे आणि कपाटं बसवतात त्याला दुकानदार मॉड्युलर किचन म्हणतात. आपण ट्रॉल्या म्हणतो. पूर्वी ओटा म्हणजे कडप्प्याची फरशी आणि खाली पडदा. पडद्यामागे काय आहे ते घरच्या बाईला आणि झुरळांना ठाऊक असायचं. आता पडद्याच्या जागी दोन लाखांची दारं आली. झुरळं तीच आहेत, फक्त आता त्यांच्या पाठीमागे दार आवाज न करता बंद होतं.

ह्यात गंमत अशी, की ट्रॉल्या निवडतो एक, पैसे देतो दुसरा आणि दिवसभर त्यात हात घालतो तिसरा. तो तिसरा हात माझा. त्याला कुणी काही विचारत नाही.

साताऱ्यात मी एका निवृत्त सुभेदारसाहेबांकडे होते. त्यांनी ट्रॉल्या करायच्या ठरवल्या, तेव्हा स्वतः टेप घेऊन भिंती मोजल्या, सुताराला रांगेत उभं केल्यासारखं उभं केलं आणि ओट्याची उंची स्वतःच्या कमरेवरून ठरवली. साहेब सहा फूट. वहिनी चार फूट दहा इंच आणि मी त्यांच्याहून दोन बोटं कमी. साहेब त्या ओट्याशी आयुष्यात फक्त रिकामा ग्लास ठेवायला आले असतील. आम्ही दोघी पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटायचो.

"काय मंगल, कसं झालंय किचन? एक सूत इकडं-तिकडं न्हाई!" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब, सगळं सरळ हाय," मी म्हटलं.

वहिनी पाटावरूनच म्हणाल्या, "आवं, एकच ऱ्हायलं. आमा दोघींना वाढवून घ्यायचं ऱ्हायलं."

साहेबांनी चूक कबूल केली, असं मी म्हणेन. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी वेगळा पाट करून आणला. तोही मापात होता.

सांगलीत एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दुधासारखं पांढरं, चकचकीत किचन करून घेतलं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मावशी, फोडणी मागच्या गॅलरीत द्या हं. इथे तेलाचे डाग पडतात." गॅलरीत एक शेगडी होती. मग पोळ्याही तिथेच, कारण पीठ उडतं. कुकरही तिथेच, कारण वाफ लागते. आत मी फक्त पुसायला जात असे. पाहुणे आले की बाई त्यांना किचन दाखवायच्या आणि पाहुणे म्हणायचे, "किती स्वच्छ ठेवलंय!" स्वच्छ राहणारच. देवघरात निदान निरांजन तरी पेटतं.

मग एकदा एका घरच्या बाई मला ट्रॉल्यांच्या दुकानात सोबत घेऊन गेल्या. तिथला माणूस कप्पे ओढून दाखवत होता. हा चमच्यांचा, हा काट्यांचा, हा सुऱ्यांचा, हा उंच बाटल्यांचा. मला बोलायचा धीर होईना, म्हणून मी पिशवीतून आमची परात काढून त्याच्यासमोर धरली. ती कुठल्याच कप्प्यात जाईना. त्याने सात फुटांवरचं कपाट दाखवलं. "ही वर ठेवायची, मावशी." रोज दोन वेळा लागणारी वस्तू सात फुटांवर आणि वर्षात एकदा लागणारा काटा हाताशी. मी परात परत पिशवीत घातली. बाई दुसऱ्या दुकानात गेल्या. तेव्हापासून चार घरांत माझं नाव झालं, की ट्रॉल्या घ्यायच्या तर मंगलला न्यावं, ती बोलत नाही पण परात नेते.

आता ह्या धंद्यातलं चार ओळींत सांगते, कुणाला उपयोगी पडलं तर पडलं. दुकानदार भाव फुटावर सांगतो. तो ऐकून आपण खूश होतो. मग कळतं, की त्या भावात दार आहे, पण ते उघडायचं असेल तर बिजागरीचे वेगळे. कप्पा आहे, पण तो ओढायचा असेल तर ज्याच्यावर तो सरकतो त्या चॅनेलचे वेगळे. धरायचं असेल तर हँडलचे वेगळे. न उघडणारं, न सरकणारं किचन फारच स्वस्त पडतं. म्हणून सगळं धरून एकच आकडा कागदावर लिहून घ्यावा. रंग आणि चकाकी ह्यांवर पैसे घालू नयेत, चॅनेलवर आणि बिजागरीवर घालावेत. दिवसातून पन्नास वेळा हात तिथे जातो. दुकानदार स्टीलला लोहचुंबक लावून दाखवतो, 'बघा, चिकटत नाही, म्हणजे एक नंबर.' हलक्या स्टीललाही तो चिकटत नाही. ते स्टील गंजल्यावर मला कळलं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फळी. कपाटाचा सांगाडा दोन तऱ्हांचा असतो. एक मरीन प्लाय, ती पाण्याला दाद देत नाही. दुसरी भुशाची फळी, म्हणजे लाकडाचा भुसा चिकटवून दाबलेला. दोन्हींवर वरून तोच गुळगुळीत कागद. बघून कुणालाही फरक कळत नाही, मलाही नाही. सांगलीत तर घर बघायला गेलं तरी लोक आधी विचारतात, पुराचं पाणी कुठवर आलं होतं. त्या गावात भुशाच्या फळ्या विकायला छाती लागते. ती ज्याला होती त्याची गोष्ट आता सांगते. त्यात माझीही आहे, म्हणून इतका वेळ टाळत होते.

गावभागातल्या काकूंकडे मी चौदा वर्षं जाते. जैन घर आहे. काकांची हळदीची पेढी. काकू सत्तरीच्या. दोन्ही गुडघे गेलेले, खाली वाकता येत नाही आणि सगळी भांडी ओट्याखालच्या अंधारात. डबा हवा असेल तर त्या काठीने ओढायच्या. काका म्हणायचे, "चाळीस वर्षं चाललं की." चाळीस वर्षं ते स्वतः पाटावर बसून जेवत होते, वाकत होत्या त्या काकू.

काकूंना माहेरच्या जमिनीतला वाटा मिळाला. त्यांच्या हातात स्वतःचे म्हणून पहिल्यांदा पैसे आले. एक दिवस मी कणीक मळत होते, तेव्हा हळूच म्हणाल्या, "मंगल, मला ट्रॉल्या करायच्यात. ह्यांना इचारणार न्हाई. माझ्या पैशानं, माझ्या पसंतीनं. तू सांगशील तिथं."

तू सांगशील तिथं, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी विलासचं नाव सांगितलं.

विलास माझ्या माहेरचा, शिराळ्याकडचा. सख्खा नव्हे, गावातला. मिरज रस्त्यावर त्याचं ट्रॉल्यांचं दुकान. मला आक्का म्हणायचा आणि दर भाऊबीजेला ओवाळून घ्यायला यायचा. मी त्याच्याकडे दोन-तीन गिऱ्हाइकं धाडली होती. एका वर्षी त्याने ताटात साडी घातली, एका वर्षी कुकर. मला वाटायचं, सख्ख्या भावांना नाही इतकी माया ह्याला आहे. दुकानदार त्याला कमिशन म्हणतात, मी ओवाळणी म्हणत होते, एवढाच फरक.

दुसऱ्यांसाठी मी कागद मागायची, परात काढायची. इथे काहीच केलं नाही. विलास म्हणाला, "आक्का, तुमच्या काकू म्हंजी माझी आईच. मरीन प्लाय घालतो. बाकीचे दोन लाख सांगतील, मी दीड घेतो. ऐंशी हजार आधी द्या." काकूंनी नोटा काढल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं, "पावती?"

मी मान हलवली. ह्या वेळी अर्थ स्पष्ट होता, नको. ज्याच्या कपाळाला कुंकू लावते त्याच्याकडे पावती मागायची? शिराळ्यात कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

विलासच्या माणसांनी ओट्याखालचं जुनं सगळं फोडलं आणि कपाटाचे सांगाडे आणून बसवले. काकू खुर्ची टाकून समोर बसून राहिल्या. चौथ्या दिवशी मी भांडी घासताना सिंकखालच्या कपाटाला हात लावला, तर फळी पावासारखी फुगलेली. बोटाने दाबली तर भुसा हातात आला.

विलास आला, बघून म्हणाला, "आक्का, चुकून दुसऱ्या गिऱ्हाइकाचा माल आला बघा. बदलून आणतो." सगळे सांगाडे टेम्पोत घालून घेऊन गेला. मोडका एक तुकडा सिंकखाली राहिला, तो मी उचलून ठेवला. का ठेवला ते तेव्हा माहीत नव्हतं.

मग फोन सुरू झाले. "आलोच आक्का, रस्त्यात हाय." मिरज रस्ता पाच आठवडे संपला नाही.

काकूंची भांडी हॉलमधल्या सोफ्यावर मांडलेली. काका तिथे बसायला आले की कढई उचलून मांडीवर घ्यायचे आणि आल्यागेल्याला म्हणायचे, "या, बसा. हे आमचं नवं किचन. मी पेढीवर हळदीच्या एका पोत्याची सुद्धा चिठ्ठी घेतो, पण आमच्या घरातल्या बायका मोठ्या व्यापारी." काकू रोजच्यासारखा मला चहा द्यायच्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. एकदा मी म्हटलं, "काकू, माझ्या पगारातनं कापा." त्या म्हणाल्या, "ऐंशी हजार फिटेस्तोवर मी जगायला पायजे की गं." मग म्हणाल्या, "पैशाचं जाऊ दे. आता ह्या घरात परत मला कोण इचारणार न्हाई बघ."

हे मला लागलं. पोलिसात जायचं तर कागद नाही. भांडायचं तर आवाज नाही. दुपारी एक ते चार माझा वेळ मोकळा असतो. त्या दिवशी मी संध्याकाळच्या मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि विलासच्या दुकानात गेले.

दुकानात एक मांडलेलं किचन असतं, गिऱ्हाइकांना दाखवायला. ओट्यावर प्लॅस्टिकची सफरचंदं, नळ आहे पण पाणी नाही, शेगडी आहे पण गॅस नाही. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि मेथी निवडायला लागले.

"आक्का! च्या घ्या की," विलास म्हणाला. मी घेतला. "काय काम हुतं?"

"काकूंचे पैसे."

"देतो की. पळून चाललोय व्हय मी?"

"न्हाई. म्हणून तर बसलीया," मी म्हटलं. घशातून तेवढंच आलं.

रोज जाऊ लागले. गवार, घेवडा, पावटा. गिऱ्हाइकांना वाटायचं, दुकानाने दाखवायला बाई ठेवली आहे. दुसऱ्या आठवड्यात मी एक वाडगं आणलं, त्यात पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतलं आणि तो मोडका तुकडा त्यात घालून सफरचंदांशेजारी ठेवला. चार वाजेपर्यंत तो चांगला टरारला. एका बाईंनी विचारलं, "मावशी, हे काय आहे?"

"फळी हाय."

"पाण्यात का ठेवलीय?"

"किती फुगती ते बघतीया."

त्या बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने घड्याळात बघितलं. दोघं गेली.

विलासने वाडगं नेऊन गटारात ओतलं. पण सफरचंदांखालचा त्याचा ओटा त्याच फळीचा होता आणि मागच्या बाजूला तिचे तुकडे पडलेले असत. दुसऱ्या दिवशी मी त्यातलाच एक घेतला.

"आक्का, धंद्यावर पाय देताय तुमी! माहेरच्या माणसाशी असं वागतंय का कोण?"

"माहेरचा हायस म्हणूनच भाजी घिऊन आली रं. परका असतास तर कागद घिऊन आली असती."

"गिऱ्हाईक मोडलं तर तुमचं पैसं कुठनं देऊ, सांगा की!"

हे मात्र त्याचं खरं होतं. त्याचं दुकान बुडालं असतं तर काकूंचे पैसे त्यातच बुडाले असते. मी त्याला बाजारातून उठवायला निघाले होते आणि तो उभा राहायला हवा होता. म्हणून मी ठरवलं, तोंडाने त्याची निंदा करायची नाही. कुणी 'इथे घेऊ का' असं विचारलं तर 'मला काय कळतंय' म्हणायचं. तसंही पैसे अडकलेल्या बाईच्या बोलण्याला कोण किंमत देतं? आणि त्याला सांगितलं, ज्या दिवशी पैसे देशील त्या दिवसापासून पंधरा दिवस वाडगं पिशवीत.

त्याने वीस हजार दिले. पंधरा दिवस मी घरीच भाजी निवडली. सोळाव्या दिवशी वाडगं सफरचंदांपाशी. संध्याकाळी दहा हजार आले. असं चालू झालं. विलाससुद्धा दिवस मोजायला लागला असावा, कारण तेराव्या-चौदाव्या दिवशी त्याचा फोन यायचा. रस्ता आता बराच जवळचा झाला होता.

पहिल्या तीस हजारांतून आम्ही एका साध्या सुताराला बोलावलं. चार तऱ्हांच्या फळ्या आणल्या, माझ्या वाडग्यात त्यांचे तुकडे आठवडाभर भिजवले आणि जी फुगली नाही ती घेतली. वरची कपाटं नाहीत, चकाकी नाही. फक्त सहा मोठे कप्पे, चांगल्या चॅनेलवर, काकूंच्या खुर्चीच्या उंचीला धरून. सगळ्यात खालचा परातीच्या मापाचा. सिंकखाली काही बसवलं नाही, मोकळं ठेवलं. काकू खुर्चीत बसून कप्पा ओढायच्या, ढकलायच्या, परत ओढायच्या. काका सोफ्यावर पाय पसरून बसले आणि म्हणाले, "जागा लय मोकळी झाली." ह्याहून मोठं कौतुक त्या घरात आजवर कुणाचं झालेलं नाही.

शेवटचे वीस हजार राहिले, तेव्हा काकू म्हणाल्या, "मला बी ने एकदा तुझ्या दुकानात." रिक्षाने आल्या. मांडलेल्या किचनमध्ये माझ्या शेजारी बसून शेंगा सोलू लागल्या. काठीच्या टोकाने एक दार उघडून बघितलं. "झ्याक हाय गं. पाणी न्हाई, आग न्हाई. असंच ऱ्हायलं तर शंभर वर्षं टिकतंय."

विलास सत्तरीच्या बाईला बघून गडबडला. गल्ल्यातून, खिशातून, आत जाऊन कुठून कुठून नोटा गोळा करून आणल्या आणि काकूंपुढे ठेवल्या. "घ्या काकू. पुरं वीस हजार. आता मिटलं आपलं."

काकू चष्मा लावून मोजायला लागल्या. काकांकडून शिकलेल्या, एकेक नोट उजेडाला धरून. तेवढ्यात दारातून एक नवरा-बायको आत आले. नवं घर झालेलं असावं, बाईंच्या हातात नकाशाची गुंडाळी होती. त्यांनी किचन बघितलं, सफरचंदांना हात लावला, विलासने सांगितलेला फुटाचा भाव ऐकला. मग आम्हा दोघींना शेंगा घेऊन बसलेल्या बघून त्या बाई माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, खरं सांगा. इथे घ्यावं का?"

विलास माझ्याकडे बघायला लागला. चार महिन्यांत मी ह्या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं, 'मला काय कळतंय.'

"जरा थांबा ताई," मी म्हटलं. आवाज बरा निघाला. "ह्यांचं मोजून हुं द्या, मग सांगते."

विलास पुढे झाला. "काकू, सावकाश मोजा. घाई न्हाई. परत एकदा मोजा वाटल्यास."

"दोनदा मोजलं की," काकू म्हणाल्या. त्यांनी गड्डी रुमालात बांधली आणि चष्मा काढला. "बरोबर हाईत. वीस हे आणि साठ आधीचं. ऐंशी हजार पुरं फिटलं, मंगल. एक रुपया ऱ्हायला न्हाई."